बाळासाठी जुना पाळणा रंगवताय? आधी या चुका टाळा

बहिणीला सातवा लागला तसा आईनं माळ्यावरून आमचाच जुना पाळणा खाली काढला, सागवानी, आजोबांनी करून घेतलेला, वरून हिरवा ऑइल पेंट आणि त्याच्याखाली अजून एक पिवळा थर. मी लगेच गॅलरीत बसून कोरडा पॉलिश पेपर मारायला घेतला आणि दहा मिनिटांत सगळीकडं हिरवट भुकटी, खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि बहीण आतल्याच खोलीत झोपलेली. शेजारच्या सुतारकाकांनी जिन्यातूनच ओरडून थांबवलं, "आधी तिला दुसरीकडं पाठव, मग त्याला हात लाव."

कारण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, पिवळ्या-केशरी-हिरव्या रंगांत तर जास्तच. घरगुती रंगात 90 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर शिसं नको हा नियम आपल्याकडं 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याच्या आधीचा रंग असेल तर शिसं आहे असंच धरून चला. ही भुकटी श्वासातून आणि हाताला लागून पोटात जाते, गरोदर बाईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचते, आणि मुलांच्या मेंदूचं जे नुकसान होतं ते नंतर भरून येत नाही. म्हणून कोरडं घासायचं नाही, ब्लो लॅम्प किंवा हीट गननं रंग जाळायचा नाही. वॉटर पेपर (पाण्यात न फाटणारा पॉलिश पेपर) आणा, पाणी मारत मारत घासा, खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला एन-95 मास्क (रुमाल बांधून भागत नाही), आणि जो चिखल होतो तो ओल्या फडक्यानं पुसून प्लास्टिकसकट बांधून टाका, झाडू अजिबात मारू नका. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, तरी दोन बादल्या या कामासाठी बाजूला काढाच. आणि जुना रंग पूर्ण उतरून लाकूड उघडं पडत नसेल, पोपडे सुटतच असतील, तर त्या पाळण्यात बाळ घालू नका, दात शिवशिवायला लागले की मुलं आधी कठडाच चावतात.

दुसरी चूक वेळेची. बारसं आठ दिवसांवर आलं की लोक ब्रश हातात घेतात. ऑइल पेंट हाताला सुकलेला लागतो पण आतून कडक व्हायला 3-4 आठवडे लागतात, तोवर वास येतच राहतो, त्यामुळं डोहाळजेवणापर्यंत काम हातावेगळं करा. नवीन रंग घेत असाल तर पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या, वास कमी येतो. फक्त आधीचा रंग 2017 नंतरचा, बिनशिशाचा असेल आणि तो ठेवूनच वर रंगवणार असाल, तर चकचकीत ऑइल पेंटवर इनॅमल तसाच मारला की नखानं सोलून निघतो, आधी ओल्या पेपरनं सगळी चमक घालवा आणि प्रायमरचा एक हात द्या.

मग आपलं सोलापुरी ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा 42च्या पुढं, आणि सगळ्यांना वाटतं की गच्चीवर ठेवलं की लवकर सुकेल. होतं उलटंच, वरची साय लगेच धरते, आतला रंग ओलाच राहतो, मग सुरकुत्या पडतात नाहीतर बोट दाबलं की ठसा उमटतो, शिवाय उन्हानं जुन्या लाकडाचे सांधे उघडतात ते वेगळंच. सकाळी ऊन चढायच्या आत, सावलीत, पातळ हात मारा. चिकट राहिलाच तर वरून अजून रंग चढवू नका, वारा लागेल असा पंधरा दिवस ठेवा, तरी नाही जमलं तर खरवडून पुन्हा. ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाईनच घालायचं. मी दुकानातून सरसकट थिनर आणलं आणि खालचा थर उकळल्यासारखा फुगून वर आला.

धूळ बसू नये म्हणून मी ओल्या रंगावर घरातली जुनी चादर टाकली होती, तिचे सुती तंतू पाळण्याच्या कठड्यावर असे चिकटले की एकेक चिमट्यानं काढावा लागला. टॉवेलचंही तसंच. पुसायला धुऊन धुऊन विरलेलं धोतर घ्या.

लाकूड नुसतं तेलावर ठेवायचं असेल आणि जवसाचं तेल वापरलं, तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात, आपल्या उन्हाळ्यात तर नकोच नको. पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक पसरून वाळवा.

आणि रंगाच्या आधी मोजपट्टी लावा. कठड्याच्या दोन दांड्यांमधलं अंतर 6 सेंटीमीटरच्या वर नको, बाळाचं अंग सरकून डोकं अडकतं. आमच्याकडं ते 9 भरलं आणि कळलं रंग झाल्यावर, मग काकांनी दोन्ही बाजूंना मध्ये मध्ये नवीन दांड्या बसवल्या आणि पुन्हा पहिल्यापासून दोन हात मारले.