‘ॲनिमल फार्म’ वाचताना या चुका टाळा

जॉर्ज ऑर्वेलची ही छोटेखानी कादंबरी १९४५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात शेतावरची जनावरं मालकाला हाकलून स्वतःचं राज्य उभारतात, आणि हे रशियन क्रांतीचं रूपक आहे. ती हातात घेतली की बरेच जण आधी पात्रांच्या आणि खऱ्या माणसांच्या जोड्या लावायला बसतात. नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल डुक्कर म्हणजे स्टालिनचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, शेतमालक जोन्स म्हणजे झार. जोड्या बरोबर आहेत, पण त्या सगळीकडे बसत नाहीत. क्रांतीचा नेता लेनिन, त्याच्यासाठी वेगळं पात्रच नाही. म्हाताऱ्या मेजर डुकराच्या तोंडी मार्क्सचे विचार आहेत, आणि पुढे त्याची कवटी मांडून जनावरांना तिच्यासमोरून आदराने चालायला लावतात, तेव्हा लेनिनचा जतन केलेला देह आठवतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘क्रांती फसायचीच’ असा अर्थ काढणं. ऑर्वेल समाजवादी होता. १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोर सेनापती फ्रँकोच्या सैन्याविरुद्ध लढताना त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली होती. कथेतला कळीचा क्षण कोणता, हे त्याने स्वतः एका पत्रात सांगितलंय: डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवतात तो. म्हणून दुसरं आणि तिसरं प्रकरण सावकाश वाचा. पाच बादल्या दूध काढून ठेवलेलं असतं. ‘दुधाचं पाहू, आधी कापणी’ असं सांगून नेपोलियन सगळ्यांना शेतावर पिटाळतो. संध्याकाळी दूध गायब. पुढे कळतं, ते रोज डुकरांच्या खाण्यात जातंय. जोन्स परत येईल, एवढी भीती घातली की बाकीचे गप्प. दूध-सफरचंदांच्या या वाटणीला स्नोबॉलचीही संमती आहे, त्यामुळे त्याला निष्पाप नायक ठरवू नका.

बेंजामिन गाढवाला शहाणा समजून त्याच्यावर भाळणं हीसुद्धा तशीच चूक. त्याला डुकरांइतकंच उत्तम वाचता येतं. पण भिंतीवरचा सहावा नियम वाचून दाखव म्हटल्यावर तो नकार देतो, आणि क्लोव्हर घोडीला म्यूरिएल शेळीकडे जावं लागतं. तोवर ‘कुठल्याही प्राण्याने दुसऱ्या प्राण्याला मारू नये’ या नियमात ‘विनाकारण’ हा शब्द घुसलेला असतो. बेंजामिन वाचून दाखवायला तयार होतो तो थेट बॉक्सर घोड्याला कत्तलीसाठी न्यायला आलेल्या गाडीवरची अक्षरं. तोवर फार उशीर झालेला असतो. मला या कथेत सर्वाधिक राग त्याचाच येतो.

आणि १९५४ चा ॲनिमेशनपट पाहून शेवट लिहू नका. त्यात जनावरं पुन्हा उठाव करतात. पुस्तकात तसं काही घडत नाही.