दुर्मिळ रंगाचे जुने बेसबॉल कार्ड घेताना या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या एका कार्ड मेळाव्यात मी १९१०च्या सुमाराचे एक कार्ड घेतले. कॅरॅमलच्या गोळ्यांबरोबर त्या काळी बेसबॉल खेळाडूंची चित्रे छापलेली अशी कार्डे मिळत. माझ्या कार्डावरच्या खेळाडूच्या मागे हिरवा रंग असतो हे मला माहीत होते आणि हे तर निळे होते. "निळे फार कमी दिसते," असे विक्रेत्याने सांगितले आणि मी नेहमीच्या भावाच्या तिप्पट पैसे मोजले. घरी येऊन भिंगाखाली धरले, तेव्हा चारही कोपऱ्यांत बारीक हिरवे त्रिकोण दिसले. कुणीतरी ते कार्ड कोपरे अडकवून कित्येक वर्षे उजेडात लावून ठेवले होते. कोपऱ्यांखाली झाकलेला भाग हिरवाच राहिला होता. बाकीच्या हिरव्यातला पिवळा उडून गेला होता आणि खाली फक्त निळा उरला होता.

त्या दिवसापासून कोणतेही वेगळ्या रंगाचे कार्ड समोर आले की मी आधी एकच गोष्ट शोधतो: हा रंग छापखान्यात बदलला, की कार्ड छापखान्याबाहेर पडल्यावर? छापखान्यात बदलला असेल तरच त्याला रंगभेद म्हणायचे. नंतर बदलला असेल तर ते खराब झालेले कार्ड आहे, मग ते कितीही सुंदर दिसो. खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

उडालेल्या रंगाला दुर्मिळ रंग समजणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून आलेली टी-२०६ मालिका (हे संग्राहकांच्या यादीतले नाव) असो की कॅरॅमलवाल्यांची कार्डे, ती शिळाछापाने, म्हणजे दगडावरून चित्र उमटवून (लिथोग्राफी), छापली जात. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा आणि कागद प्रत्येक ठशाखालून एकेकदा जायचा. हे तंत्र आपल्याला परके नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली देवादिकांची चित्रे अशीच रंगावर रंग चढवून तयार होत. जुन्या घरात खिडकीसमोर टांगलेल्या तसबिरीतले हिरवे पातळ निळसर पडलेले आणि लाल फिकट झालेले तुम्ही पाहिले असेल. कार्डांचेही तेच होते. पिवळा आणि लाल आधी हार मानतात, निळा आणि काळा टिकून राहतात. म्हणून हिरव्याचे निळे होते, नारिंगी फिके पडते. काही लोक ब्लीच वापरून हाच बदल मुद्दाम घडवतात.

ओळखायचे कसे? पार्श्वभूमीकडे पाहू नका, बाकीचे चित्र पाहा. तीच शाई ओठांत, गालांत, गवतात, टोपीच्या पट्टीतही असते. छापखान्याने फक्त पार्श्वभूमीचा रंग बदलला असेल तर खेळाडूचा चेहरा नेहमीसारखाच ताजा दिसेल. उन्हाने किंवा रसायनाने पिवळा नेला असेल तर गवतही निळे पडलेले आणि चेहरा गुलाबी किंवा करडा झालेला सापडेल. मग कार्ड तिरके धरून कडा बघा. चौकटीखाली किंवा अल्बमच्या कोपऱ्यांखाली झाकलेली पट्टी वेगळ्या रंगाची आहे का? मागची बाजूही पाहा. ब्लीच लागलेला पुठ्ठा अनेकदा अनैसर्गिक पांढरा आणि हाताला खरखरीत लागतो, नाकाजवळ नेला तर वासही येतो.

टॉप्स कंपनीच्या १९६९च्या मालिकेतले मिकी मँटल या खेळाडूचे ५०० क्रमांकाचे कार्ड याच कसोटीवर पारखावे. त्याचे आडनाव सहसा पिवळ्या अक्षरांत असते. पांढऱ्या अक्षरांचे कार्ड खरोखर छापले गेले आणि ते खूप महाग जाते. पण अक्षरे पांढरी आणि त्याबरोबर चेहऱ्यातला उबदारपणाही गेलेला, असे दिसले तर हात आखडता घ्या.

फोटोतल्या रंगावर बोली लावणे

१९६२च्या टॉप्स मालिकेत ११० ते १९६ या क्रमांकांची कार्डे दोन प्रकारांत मिळतात: नेहमीची आणि हिरवट छटेची. ती हिरवट छटा वेगळ्या छपाईतून आली, म्हणून हा खरा रंगभेद आहे. अडचण अशी की ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत कुठलेही कार्ड हिरवट दिसते. विक्रेत्याचा हेतू वाईट असतोच असे नाही, त्याच्या फोनलाच तो रंग तसा दिसतो.

यावर एक साधा उपाय आहे. विक्रेत्याला सांगा की कार्डाशेजारी कोरा पांढरा कागद आणि त्याच मालिकेतले दुसरे साधे कार्ड ठेवून, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. कागदच हिरवट दिसला तर प्रश्न मिटला. शिवाय १९६२च्या बाबतीत रंगावर अवलंबून राहायची गरजच नाही. हिरवट छपाईत चित्र थोडे वेगळे कापलेले असते, त्यामुळे खेळाडूच्या डोक्यावर किती जागा सुटली आहे ते साध्या कार्डाशी जुळवून पाहता येते. काही क्रमांकांवर तर फोटोच बदललेला आहे, उदाहरणार्थ १२९वर ली वॉल्स आणि १९०वर वॉली मून. नव्याने सुरुवात करणाऱ्याने याच मालिकेवर डोळा तयार करावा असे मला मनापासून वाटते. इथली चूक खिशाला फार जड जात नाही.

वेगळे कार्ड आणि वेगळा रंग यांची गल्लत

बॉस्टनच्या गौडी गम कंपनीने १९३३ मध्ये बेब रूथची चार कार्डे काढली. पिवळ्या पार्श्वभूमीचे ५३, लाल १४९, हिरवे १८१ आणि पूर्ण उभ्या चित्राचे १४४. अनेक जण यांना "रूथचे रंगभेद" म्हणतात. पण प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे, म्हणजे ती मालिकेतली चार स्वतंत्र कार्डे आहेत. कुणी "रूथचा दुर्मिळ रंग" म्हणून विकत असेल तर आधी मागचा क्रमांक विचारा. चौघांत पिवळे ५३ मिळायला अवघड मानतात, हे मात्र खरे.

टी-२०६ मध्ये टाय कॉबची दोन पोर्ट्रेट आहेत, एक लाल पार्श्वभूमीचे आणि एक हिरव्या. हिरवे कमी सापडते. पण इथे नुसता पुढचा रंग पाहून भाव ठरवू नका. या कार्डांच्या मागे पीडमाँट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर अशा तंबाखूच्या ब्रँडची जाहिरात असते आणि मागचा ब्रँड दुर्मिळ निघाला तर पुढच्या रंगाचा हिशेबच उलटतो. लाल पोर्ट्रेटच्या मागे खुद्द टाय कॉबच्याच नावाच्या तंबाखूची जाहिरात असलेली मोजकी कार्डे आहेत. २०१६ मध्ये त्यातली सात एका जुन्या कागदी पिशवीत सापडली आणि सगळ्या संग्राहकांत खळबळ उडाली. ती कार्डे लालच होती, म्हणजे पुढून पाहिले तर "सोप्या" रंगाची.

जितके रंग तितकी दुर्मिळता, असे धरून चालणे

१९४१ची गौडी मालिका फक्त ३३ कार्डांची, पण कार्डे निळ्या, हिरव्या, लाल आणि पिवळ्या अशा चार पार्श्वभूमींवर छापलेली. पूर्ण संच म्हणजे १३२ कार्डे. ऐकायला मोह पडतो. मात्र या मालिकेत खरी टंचाई आहे ती २१ ते २५ या क्रमांकांची. एखाद्या सामान्य खेळाडूच्या "खास पिवळ्या"साठी जास्त पैसे घालवून मग २३ क्रमांकापाशी अडकलेले लोक मी पाहिले आहेत. आधी अवघड क्रमांक कोणत्याही रंगात मिळवा, रंग जुळवायचे नंतर बघता येईल.

उद्या काय सापडेल याचाही भरवसा नसतो. १९१०ची ई-९८ ही तीस खेळाडूंची मालिका लाल, निळ्या, हिरव्या, नारिंगी रंगांत येते. तिची चांगल्या अवस्थेतली कार्डे फारच थोडी माहीत होती. २०१२ मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावी एका घराच्या माळ्यावर या मालिकेची सुमारे ७०० कार्डे जवळजवळ नव्यासारखी निघाली. ज्यांनी त्याआधी "याहून चांगले मिळणारच नाही" म्हणून पैसे मोजले होते, त्यांची अवस्था काय झाली असेल?

प्लॅस्टिकच्या डबीवर डोळे मिटून विश्वास

पीएसए किंवा एसजीसीसारख्या संस्था कार्ड तपासून, दर्जा लिहून सीलबंद डबीत देतात. त्यांचा उपयोग आहेच. पण टी-२०६ मालिकेतले होनस वॅग्नर या खेळाडूचे सर्वांत गाजलेले कार्ड पीएसएने दहापैकी ८ दर्जा दिलेले होते, आणि ते आपण कडा कापून सुधारले होते असे लिलावदार बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले. रंगाच्या बाबतीत तर आधी लेबलवर रंगाची नोंद आहे का ते वाचा. नसेल, तर त्या संस्थेने तपासलेल्या कार्डांच्या मोजणीवरून "या रंगाची इतकीच कार्डे आहेत" असे कुणी सांगितले तर मानू नका. शिवाय तेच कार्ड डबीतून काढून पुन्हा पाठवले की ते दोनदा मोजले जाऊ शकते.

डबीत नसलेल्या कार्डासाठी दहापट भिंग आणि अतिनील टॉर्च पुरते. आजच्या नकलेत सगळीकडे चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित फुले दिसतात. शिळाछापाचे ठिपके ओबडधोबड असतात, रंगाचे सलग पट्टे असतात आणि अक्षरांच्या कडा भरीव असतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पुठ्ठ्यात कागद उजळवणारी रसायने नसत, त्यामुळे अंधारात अतिनील प्रकाशाखाली कार्ड निळसर पांढरे चमकले तर ते तिथल्या तिथे परत करा.

घेतल्यानंतरच्या चुका

चौकटीत घालून भिंतीवर लावू नका, इतकेच सांगतो. माझ्या कार्डाचे काय झाले ते वर लिहिलेच आहे. वास येणारे मऊ प्लॅस्टिकचे अल्बम टाळा, पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे वापरा. संग्रह मुंबईला किंवा कोकणात घरी आणणार असाल तर पावसाळ्यात लाकडी कपाटाच्या मागच्या भिंतीला लागून ठेवू नका. ओल धरली की पुठ्ठ्याचे थर सुटतात. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला आणि ते दर महिन्याला बदला. डाग काढण्यासाठी कुठलेही रसायन लावू नका, कारण त्यानंतर तुमच्या खऱ्या रंगभेदावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणि फसलात तर? त्याच दिवशी कोपरे, कडा आणि मागची बाजू यांचे स्पष्ट फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. बहुतेक जण परत घेतात. माझ्या विक्रेत्याने घेतले नाही. ते कार्ड मी पुढे कुणाला विकले नाही. पाकिटावर "हिरवे, उन्हाने उडालेले" असे लिहून ठेवले आहे आणि प्रत्येक मेळाव्याला ते बरोबर नेतो. कुणी निळे कार्ड दाखवले की दोन्ही शेजारी धरतो आणि आधी गवत बघतो.