तांदळातली पांढरी गार नजरेतून का सुटते, आणि ती कशी पकडायची

काळा खडा शोधावा लागत नाही, तो दिसतो. दाणे पन्नास असोत की पाचशे, पांढऱ्यात काळं आपोआप डोळ्यांत भरतं. पांढऱ्या गारेचं, म्हणजे पांढऱ्या खड्याचं, तसं नाही. रंग तांदळाचा, आकार कणीचा. तिच्यासाठी नजरेला जागोजागी थांबावं लागतं, आणि दाणे वाढले की वेळही वाढतो. शोधाचे हे दोन प्रकार मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० साली प्रयोगांतून दाखवले. निवडताना सगळी तयारी या दुसऱ्या प्रकारासाठी करायची.

तांदूळ आधी पाखडून घ्या. कोंडा आणि हलका कचरा उडून जातो. गार जड, ती सुपातच राहते. स्टीलच्या ताटाची चकाकी दाण्यांत मिसळते, म्हणून ताटात गडद सुती कापड अंथरा. उजेड खिडकीतून बाजूने, तिरपा येऊ द्या. चाळिशीचा चष्मा असेल तर तो लावूनच बसा. टीव्हीकडे पाठ असावी, कारण कडेला काही हललं की नजर न विचारता तिकडे जाते.

एका वेळी एकच मूठ, तीही एकाच थरात.

आता खरी मेख. बारीक तपशील टिपणारा नजरेचा भाग जेमतेम २ अंशांचा असतो, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढा. ३५ ते ४० सेंटिमीटरवरच्या ताटात ही जागा सव्वा ते दीड सेंटिमीटर भरते. शिवाय स्थिर दाण्यांवरून डोळा सरकत नाही; तो सेकंदाला तीनेक उड्या मारतो, आणि उडी चालू असताना जवळजवळ काहीच टिपत नाही. ताटावरून नुसती नजर फिरवली तर मधले तुकडे न पाहिलेलेच राहतात. म्हणून मूठभर तांदूळ एका कडेला ठेवा, बोटाने एक बोट रुंदीचा पट्टा ओढा, हात थांबवा आणि मग वरून खाली पाच-सहा ठिकाणी थांबत पाहा. दाणे सरकत असतानाच बघत राहणं ही नेहमीची चूक: डोळा एका दाण्यामागे धावतो आणि बाकीचे पुसट होतात.

पहिल्या फेरीत फक्त गार शोधा, मातीचे खडे आणि किडके दाणे दुसऱ्या फेरीत. ‘खराब ते काढू’ एवढ्यावर लक्ष ठरत नाही. सापडलेली एक गार कापडाच्या कोपऱ्यात समोर ठेवा आणि अधूनमधून तिच्याकडे बघा. गार सापडली की हात सैल पडतो, दुसरी तिथेच राहून जाते. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांनाही ही चूक चांगली ठाऊक आहे. तो पट्टा पुन्हा पाहायचाच.

हल्लीच्या तांदळात खडे कमी, आणि तेच नडतं. क्वचित सापडणारी गोष्ट समोर असूनही जास्त वेळा सुटते, हे नजरेच्या शोधाचे अभ्यासक जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांची नजर जागी राहावी म्हणून यंत्र पडद्यावर मधूनच खोटी धोकादायक वस्तू दाखवतं. घरीही हे जमतं. जुन्या गारांपैकी ५ मोजून, धुऊन, घरातल्या कुणाला तरी एका मुठीत मिसळायला सांगा. चारच परत आल्या तर ती मूठ पुन्हा पसरा. पाचवी हाती येईपर्यंत तांदूळ पातेल्यात जाता कामा नये.