कॅम्पिंगचा बॅटरी डबा: फ्यूज कुठे बसवाल?

भंडारदऱ्याला दोन रात्री तंबू ठोकायचा, तर वीज लागते ती दिव्याला, मोबाईलला आणि फार तर एका छोट्या पंख्याला. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्याला पुरते. गुणाकार केला की २५६ वॅट-तास. ५ वॅटचा दिवा १० तास लावला तरी ५०च जातात. बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, आत असलेलीच घ्या.

खरी गोम फ्यूजची. बरेच जण तो स्विचजवळ, दिसायला बरा म्हणून लावतात. पण डब्याच्या कडेला घासून लाल वायर सोलली, तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला वाली कोण? म्हणून प्लस टर्मिनलपासून वीतभराच्या आत १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, पुढे २.५ स्क्वेअर एमएम वायर. लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंग टूल वापरा आणि मग जोरात ओढून बघा. निघाली तर घरीच निघालेली बरी.

बॅटरीची वीज घरच्यासारखी करून देणारा इन्व्हर्टर टाळा, तो नुसता चालू ठेवला तरी बॅटरी खातो. १२ व्होल्टचं यूएसबी सॉकेट बसवलं की झालं. चार्जर मात्र १४.६ व्होल्टचा, याच बॅटरीसाठीचा.