शोधसंख्या पाहून डोमेन घ्यावे का, हे कसे ठरवावे

एखादा शब्द महिन्याला हजारो वेळा शोधला जातो असे दिसले आणि नेमके त्याच नावाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, मोकळे सापडले, की ते तत्काळ नोंदवून टाकावेसे वाटते. मात्र लोक सर्च इंजिनला काय विचारतात एवढेच शोधसंख्येवरून कळते. ते लोक तुमच्या पत्त्यावर येतील, असा त्याचा अर्थ होत नाही. केवळ नावात कीवर्ड (लोक शोधतात तो शब्द) आहे म्हणून वरचा क्रमांक मिळण्याचे दिवसही मागे पडले आहेत, कारण अशा नावांच्या निकृष्ट संकेतस्थळांना खाली ढकलणारा बदल गूगलने सप्टेंबर २०१२ मध्येच केला.

म्हणून आधी आकडा नीट वाचावा. गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या, जाहिरातदारांना शोधसंख्या दाखवणाऱ्या साधनात, जाहिरातींवर खर्च करत नसलेल्या खात्याला बहुधा ‘१ हजार ते १० हजार’ असा ढोबळ पट्टाच दिसतो, आणि त्याच्या दोन टोकांमध्ये दहा पटींचा फरक असतो. शिवाय तेथे एकवचन-अनेकवचनासारखी जवळची रूपे एकत्र मोजली जातात. तोच आकडा दोन शब्दांसमोर दिसला म्हणून त्यांची बेरीज करू नये. ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांमधील चुरस दाखवतो, शोधनिकालांत वर येणे किती अवघड आहे ते नाही. ही गल्लत फार जण करतात आणि ती महागात पडते.

मासिक आकडा ही सरासरी असते, हेही विसरू नये. समजा, ‘कॅलेंडर’ या शब्दासमोर १२,००० दिसले, म्हणजे वर्षाचे १,४४,००० शोध झाले. त्यांतील १,००,००० डिसेंबर-जानेवारीत झाले असतील, तर उरलेल्या दहा महिन्यांच्या वाट्याला दरमहा जेमतेम ४,४०० येतात. गूगल ट्रेंड्समध्ये पाच वर्षांचा आलेख पाहिला की हा चढउतार लगेच लक्षात येतो. मात्र तेथील ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, प्रत्यक्ष शोधांची संख्या नव्हे.

यानंतर तो शब्द स्वतः शोधून पाहावा. पहिल्या पानावर एकाच कंपनीचे निकाल असतील, तर लोकांना तीच कंपनी हवी आहे. असे नाव घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९९ पासून लागू असलेल्या यूडीआरपी या तंटा-निवारण धोरणानुसार, नाव ट्रेडमार्कशी फसवे साम्य राखणारे आहे, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही आणि ते वाईट हेतूने नोंदवून वापरले आहे, या तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्यास ते तक्रारदाराकडे जाऊ शकते.

नाव पूर्वी कोणी वापरले होते का, ते वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात तपासावे. तेथे जुगाराची किंवा फसवणुकीची पाने दिसली, तर ते सोडून द्यावे.

शेवटी खर्च. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर न पाहता नूतनीकरणाचा दर पाहावा, कारण काही नव्या एक्स्टेंशनमध्ये (नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘.com’सारख्या भागांत) ‘प्रीमियम’, म्हणजे जास्त मोलाच्या ठरवलेल्या, नावांचे शुल्क दरवर्षी चढेच असते. येत्या वर्षभरात त्या नावावर आपण स्वतः काय उभारणार, हे दोन वाक्यांत लिहिता आले तर डोमेन नोंदवावे, आणि नूतनीकरणाच्या महिनाभर आधी तोच कागद पुन्हा काढून ते ठेवायचे की सोडायचे, हे ठरवावे.