खेळातल्या लढाईत नशिबाला जागा कशी द्यावी

चवथीच्या सुट्टीत फोंड्याला बहिणीकडे गेलो होतो. तिथे माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली बसून भाच्याबरोबर एक छोटा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ जुळवला. शत्रू कोण, यावर चर्चाच झाली नाही. गोव्यातल्या मुलाला नरकासुराशिवाय दुसरे कोण सुचणार? पावसाने वीज गेली होती, म्हणून वही आणि ल्युडोचे दोन फासे घेतले. तुम्हीही सुरुवात अशीच करा. नशिबाचा हिशेब कोड लिहिण्याआधी कागदावर जास्त नीट कळतो.

आधी नशीब अजिबात घालू नका. आम्ही नरकासुराला 35 हेल्थ दिली, म्हणजे एवढा मार बसला की तो पडणार, आणि नायकाला 24. नायकाचा वार 7 चा, नरकासुराचा 5 चा, आणि पहिला वार नायकाचा. पाचव्या वाराला नरकासुर पडतो, तेव्हा नायकाकडे 4 उरलेले असतात. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी भाचा म्हणाला, “मामा, आता परत कशाला खेळायचं?” नशीब हवे ते इथे.

आता वार चुकण्याची शक्यता घाला. बहुतेक नवखे इथेच फसतात, म्हणून जरा थांबून हिशेब करू. नायकाचा वार लागण्याची शक्यता 80 टक्के ठेवली, नरकासुराचा मात्र दरवेळी लागतो. ऐकायला भरवशाची वाटते. पण वरच्या लढाईत नायकाला पाचच वार मिळतात आणि पाचही लागावे लागतात. 0.8 ला पाच वेळा गुणा, उत्तर साधारण 0.33 येते. म्हणजे तीनपैकी दोन लढाया तो हरणार! उपाय सोपा आहे. नायकाची हेल्थ 34 करा. मग त्याला सात वार मिळतात, त्यातले पाच लागले तरी पुरे, आणि जिंकण्याची शक्यता 85 टक्क्यांवर जाते. नशीब घातले की हेल्थ नव्याने मांडायचीच.

वाराची ताकदही बदलती ठेवायची असेल तर दोन फाशांची बेरीज घ्या. सरासरी 7 च राहते. 36 पैकी सहा वेळा 7 पडतो, 2 किंवा 12 प्रत्येकी एकदाच. बेरजा मधल्या आकड्यांभोवती दाटतात, म्हणून खेळाडूला आपल्या तलवारीचा अंदाज येतो.

पुढचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तुमच्या नशिबाला आठवण आहे का? फाशाला मागचे काही आठवत नाही, तीन वार चुकले तरी चौथाही चुकू शकतो. आपल्याकडे मैदानावर हाऊजी खेळतात, त्यात 1 ते 90 मधला निघालेला आकडा पिशवीत परत जात नाही. तशीच पिशवी करा: दहा चिठ्ठ्या, आठांवर ‘लागला’, दोनांवर ‘चुकला’, आणि पिशवी रिकामी होईपर्यंत चिठ्ठी परत टाकायची नाही. शक्यता तीच 80 टक्के. पण भरलेल्या पिशवीने सुरुवात केली तर सात वारांत दोनच चुकू शकतात, म्हणजे 34 हेल्थचा नायक हरूच शकत नाही. भाच्याने हे चिठ्ठ्या मांडून स्वतः शोधले आणि पिशवी बाजूला सारली. बरोबरच केले. पिशवी वापरायची तर धोका दुसरीकडून आणावा लागतो. मधला मार्ग वॉरक्राफ्ट 3 या संगणकावरच्या गेममध्ये दिसतो. तिथे 25 टक्क्यांची क्रिटिकलची, म्हणजे नेहमीपेक्षा जोरदार वाराची शक्यता प्रत्यक्षात साधारण 8.5 टक्क्यांपासून सुरू होते, प्रत्येक हुकल्या वेळी तेवढीच वाढते आणि क्रिटिकल बसला की पुन्हा खाली येते.

पडद्यावर आकडा दाखवणार असाल तर खरा दाखवा, असे माझे ठाम मत आहे. फायर एम्ब्लेम मालिकेत 2002 च्या खेळापासून वार लागला की नाही हे ठरवायला दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेऊ लागले. त्यामुळे दाखवलेले 90 टक्के प्रत्यक्षात 98 च्या आसपास जातात आणि 30 चे 18 होतात. खेळाडू त्यावर खूश असतात, कारण 90 म्हणजे ‘लागणारच’ असे मन धरून चालते. तरी शिकणाऱ्याने ही वाट धरू नये. आपलाच हिशेब आपल्याला तपासता येत नाही.

फासा कधी टाकता हेही ठरवा. आम्ही नरकासुराचा फासा खेळाडूच्या पाळीआधी टाकून उघडा ठेवला. 6 दिसला की भाचा ढाल उचलायचा, 1 दिसला की तलवार. स्ले द स्पायरमध्ये शत्रू पुढे काय करणार हे आधीच दिसते, ते याच जातीचे. निर्णयानंतर पडणारा फासा फक्त सोसावा लागतो, आधी पडलेल्याशी खेळता येते.

शेवटी चाचणी. वीज आली की स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक आकड्यांनी 1000 लढाया चालवा. फाशाच्या साध्या मांडणीत, म्हणजे 34 हेल्थ, 80 टक्के शक्यता आणि ठरावीक 7 च्या वाराने, 850 च्या आसपास विजय यायला हवेत. 650 च्या आसपास आले तर सूत्र चुकले आहे, बहुधा पहिला वार कोणाचा तिथेच. गेम सेव्ह होताना यादृच्छिक आकड्यांचा बीजांक, म्हणजे ज्यापासून पुढचे आकडे निघतात तो आकडाही सेव्ह करा, नाहीतर वार चुकला की खेळाडू मागे जाऊन तोच वार पुन्हा पुन्हा करत बसेल.