तीन नंबरपासून सुरुवात करा : दक्षिण आफ्रिकेच्या शालेय रग्बी हंगामातून स्वप्नसंघ कसा निवडावा

स्वप्नसंघ निवडायला बसलेला माणूस सहसा विंगपासून, म्हणजे कडेच्या धावपटूपासून, सुरू करतो. सर्वांत जास्त ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) कोणाचे, ते बघून दोन नावं लिहितो, मग फ्लायहाफ, मग तो धिप्पाड आठ नंबर, आणि शेवटी उरलेल्या जागांत प्रॉप आणि हुकर कोंबतो. असा संघ कागदावर झगमगतो आणि मैदानात पहिल्या पाच स्क्रममध्येच (दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना भिडतात ती रेटारेटी) आडवा होतो. उलट्या टोकाने निवडा: आधी तीन नंबर (टाइटहेड प्रॉप), मग पाच (लॉक), दोन (हुकर), नऊ (स्क्रमहाफ) आणि दहा (फ्लायहाफ). विंग सर्वांत शेवटी. दक्षिण आफ्रिकेच्या शाळांत वेगवान विंग पोत्याने मिळतात. भरवशाचा टाइटहेड प्रॉप शोधावा लागतो.

पण नावांच्या आधी नियम ठरवा, आणि कागदावर ठरवा. नावं सुचायला लागली की नियम आपोआप लाडक्या मुलाच्या बाजूने वाकतात. तीन गोष्टी नक्की करा. पहिली, हंगाम कुठून कुठपर्यंत धरायचा: ईस्टरच्या महोत्सवांपासून (कियर्सनी, सेंट जॉन्स, सेंट स्टिदियन्स) ऑगस्टमधल्या पार्ल बॉइज हाय विरुद्ध पार्ल जिमनेझियम या सामन्यापर्यंत, असा पल्ला बहुतेकांना सोयीचा जातो. दुसरी, किमान सामने. आठ ठेवा, आणि त्यातले निदान चार तुम्ही किंवा तुमच्या निवड समितीतल्या कोणीतरी पूर्ण पाहिलेले असावेत. तिसरी, वय. शाळेच्या पहिल्या संघातून एकोणिसाव्या वर्षात पडलेली मुलंही खेळतात. क्रेव्हन वीक ही प्रांतिक स्पर्धा मात्र १८ वर्षांखालच्यांची. या वयात एका वर्षाच्या फरकाने मानेची आणि मांडीची ताकद कुठल्या कुठे जाते. ही मुलं घ्यायची की नाही, ते आधीच सांगा. दोन्ही चालतं, मधेच बदललेलं चालत नाही.

क्रेव्हन वीक धरायचं का, हा वाद दरवर्षी होतो. डॅनी क्रेव्हन यांच्या नावाची ही स्पर्धा १९६४ साली ईस्ट लंडनमध्ये सुरू झाली. तिथे शाळा नव्हे, प्रांतांचे संघ खेळतात, आणि अधिकृत विजेता नसतो. शेवटच्या दिवसाचा मुख्य सामना खेळायला मिळणं हाच मान. त्या आठवड्यानंतर राष्ट्रीय शालेय संघ जाहीर होतो. तुमचा स्वप्नसंघ शालेय हंगामाचा असेल, तर क्रेव्हन वीकचे सामने गुणांत धरू नका, फक्त बरोबरी सोडवायला वापरा. नाहीतर शेवटी राष्ट्रीय निवड समितीचीच यादी दोन नावं बदलून छापल्यासारखं होतं.

आता नोंदी. एका सामन्यात एका माणसाने सहापेक्षा जास्त खेळाडूंवर नजर ठेवू नये. डोळा चेंडूमागे पळतो आणि बाकीचं निसटतं. आदल्या दिवशी सहा नावं ठरवा. प्रत्येकासाठी एक ओळ, त्यात पूर्ण टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणं), चुकलेले टॅकल, रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूवर होणाऱ्या झटापटीत) उपयोगाची धडक, चेंडू पुढे नेलेली धाव, हातून निसटलेला चेंडू आणि दिलेली पेनल्टी, इतकंच. एका फ्लँकरची (सहा किंवा सात नंबरची) ओळ अशी दिसेल: टॅ १४, चु ३, रक ९, धाव ५, नि १, पे २, मिनिटं ७०. म्हणजे १७ पैकी १४, साधारण ८२ टक्के. दुसरा मुलगा मध्यंतरानंतर आला: टॅ ९, चु १, मिनिटं ३५. टक्केवारी ९०, आणि सत्तर मिनिटांच्या मापाने १८ टॅकल. त्याच्याकडे परत बघायला हवं हे खरं, पण लगेच हुरळू नका. थकलेल्या समोरच्यांवर ताज्या पायांनी केलेले टॅकल आहेत ते. त्याला पहिल्या मिनिटापासून खेळताना एकदा तरी पाहा. मिनिटांचा रकाना म्हणूनच महत्त्वाचा: १९ वर्षांखालच्या नियमांत सामना ३५ मिनिटांच्या दोन डावांचा असतो, मोठ्यांचे ८० मिनिटांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

सुपरस्पोर्ट स्कूल्स या शालेय सामने दाखवणाऱ्या वाहिनीवर मोठ्या शाळांचे भरपूर सामने दिसतात. पूर्ण सामना बघा, तुकडे नव्हे. तुकड्यांत ट्राय दिसतो. त्याआधी चार रक साफ करून वाट मोकळी करणारा लॉक दिसत नाही. शिवाय ते तुकडे पुष्कळदा मुलाच्या घरच्यांनीच जोडलेले असतात, हे विसरू नका.

सगळ्यांत जास्त गफलत होते ती सामन्यांच्या वजनात. इथे सर्व शाळांची एकच लीग नाही, त्यामुळे गुणतक्ता कामाचा नाही. ग्रे कॉलेज, पॉल रूस, आफीज किंवा पार्लच्या दोन अशा बलाढ्य शाळांविरुद्धचा ट्राय आणि ७०–० असा संपलेल्या सामन्यातला ट्राय एका तराजूत कसा घालणार? साधा हिशेब ठेवा: तगड्या प्रतिस्पर्ध्याला दीडपट, बरोबरीच्याला एकपट, दुबळ्याला अर्धी पट. कोण तगडा, ते हंगामाच्या मध्यावर एकदा ठरवा आणि बदलू नका. उदाहरणादाखल दोन विंग घ्या. पहिल्याचे २१ ट्राय, त्यातले १२ दुबळ्यांविरुद्ध, ६ बरोबरीच्यांविरुद्ध, ३ तगड्यांविरुद्ध: ६ + ६ + ४.५, म्हणजे १६.५. दुसऱ्याचे १५ ट्राय, त्यातले २ दुबळे, ७ बरोबरीचे, ६ तगडे: १ + ७ + ९, म्हणजे १७. पंधरावाला पुढे. हे गणित आकडेमोड म्हणून ओबडधोबडच आहे, पण वाद कुठे घालायचा ते दाखवतं, आणि तेवढंच त्याचं काम.

आता जागा. तीन नंबर, म्हणजे टाइटहेड प्रॉप, कसा पारखायचा? समोरच्यांना किती मागे ढकललं यावरून नाही. १९ वर्षांखालच्या नियमांत स्क्रम दीड मीटरपलीकडे ढकलता येत नाही, त्यामुळे 'रेटून नेलं' हे दृश्य इथे फसवं आहे. त्याऐवजी रेफ्रीचं 'क्राउच, बाइंड, सेट' ऐका आणि 'सेट'नंतर चेंडू बघायचाच नाही. टाइटहेडची पाठ बघा. ती सपाट राहते का, कंबर बाहेर फिरते का? त्याच्या दोन्ही खांद्यांवर माणसं असतात, डाव्या बाजूला समोरचा हुकर आणि उजव्या बाजूला समोरचा लूझहेड (डावा प्रॉप), दोघांचा भार तोच पेलतो. कंबर बाहेर गेली की समजायचं, लूझहेड छातीखाली घुसला. मग त्याच्या उजव्या हाताचं कोपर बघा. कोपर जमिनीकडे वळलं, तर तो टिकायला नाही, स्क्रम पाडायला बघतोय. एक-दोनदा रेफ्रीच्या नजरेतून सुटेल, तिसऱ्यांदा पेनल्टी. आपल्या चेंडूवरचे दहा स्क्रम मोजा. नऊ स्वच्छ निघाले आणि पेनल्टी एखादीच असेल तर नाव लिहून टाका. त्याने हंगामात एकही ट्राय केलेला नसला तरी.

पाच नंबर लॉक लाइनआउटचा (कडेबाहेर गेलेला चेंडू परत आत फेकताना दोन रांगांनी उडी घेऊन तो झेलायचा, त्या डावाचा) सूत्रधार. दक्षिण आफ्रिकेत चार नंबर दांडगा आणि पाच नंबर उंच, चपळ, इशारे देणारा, अशी जुनी वाटणी आहे. राष्ट्रीय संघातली बाकीस बोथा आणि व्हिक्टर मॅटफील्ड ही जोडी आठवा. दोन चार नंबर एकत्र निवडू नका, मग ते कितीही भारी असोत. लाइनआउटला उडी घेणारे निदान तीन हवेत: दोन्ही लॉक आणि सहा, सात, आठ या तिघांपैकी एक. दोनच असले की प्रतिस्पर्धी त्यांच्यावर दोन माणसं बसवून मोकळा होतो. आणि लाइनआउटला चेंडू फेकतो तो हुकर; त्याला निवडताना त्याचे फेक वाऱ्यात पाहिलेले असावेत, विशेषतः शेवटच्या माणसाकडचे लांब फेक. पुढच्या माणसाला सगळेच नेम धरून टाकतात.

इथे एक खाच आहे, परदेशी सामने बघणारे हमखास त्यात अडकतात. जगभर बहुतेक ठिकाणी ओपनसाइड (मैदानाच्या मोकळ्या बाजूचा) फ्लँकर सात नंबर घालतो आणि ब्लाइंडसाइड (अरुंद बाजूचा) सहा. दक्षिण आफ्रिकेत उलट. राष्ट्रीय संघात सिया कोलिसी सहा घालतो, पीटर-स्टेफ डु टॉइट सात. जर्सीवरचा आकडा बघून दोन 'सात' निवडलेत, तर रकमधून चेंडू उपटणारा एकही नाही अशी अवस्था होते. सहा, सात आणि आठ हे त्रिकूट म्हणूनच निवडा: एक चेंडू चोरणारा, एक लाइनआउटला उडणारा आणि दिवसभर टॅकल करणारा, एक चेंडू घेऊन घुसणारा. तीन घुसणारे म्हणजे तीन बल्लेबाज सलामीला पाठवण्यासारखं.

नऊ नंबरचा पास पाहा: चेंडू उचलून एक पाऊल टाकून देतो की थेट जमिनीवरून? ते एक पाऊल बचावाला दोन मीटर पुढे आणतं. हे मैदानातून पटकन कळत नाही. चित्रफीत संथ करून पाहा. दहा नंबरसाठी किकची टक्केवारी घ्या, पण उघडी नको. मैदानाचे तीन पट्टे करा: दोन्ही बाजूंच्या १५ मीटर रेषांच्या आतला मधला पट्टा, त्याबाहेरचा कोपरा, आणि ४० मीटरपलीकडचं सगळं. ज्या संघाचे विंग कोपऱ्यात ट्राय टाकतात त्यांच्या किकरची टक्केवारी पडणारच, कारण कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) ट्रायच्या रेषेतूनच मारायचं. जागेची उंचीही लिहा. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण १७५० मीटर, ब्लुमफाँटेन १४००, प्रिटोरिया १३०० च्या पुढे. विरळ हवेत चेंडू लांब जातो. पार्लच्या हिवाळी पावसात, ओल्या चेंडूने ४५ मीटरवरून पोल साधणारा मुलगा हायवेल्डवरच्या (त्या उंच पठारावरच्या) ५० मीटरवाल्यापेक्षा कमी नाही.

सेंटर जोडीने घ्या, एकाच शाळेची असली तरी संकोच नको. बारा आणि तेराचा बचाव एकमेकांच्या हालचालीवर चालतो. मागच्या तिघांत (दोन विंग आणि फुलबॅक) निदान एक डावखुऱ्या पायाचा असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी चेंडू टचबाहेर (बाजूच्या रेषेबाहेर) काढता येतो. फुलबॅकसाठी उंच किकखालचे झेल मोजा, आणि झेल घेताना समोरून माणूस येत होता का, तेही लिहा. विंगबद्दल वर बोललोच. फक्त एक: त्याची उंची-वजन पाहून नाव खोडू नका. राष्ट्रीय संघाचा विंग चेस्लिन कोल्बी पाच फूट आठ इंचांच्या आसपासचा आहे.

बाकावर आठ जण, एकूण २३. नियमानुसार २३ जणांच्या संघात पहिल्या रांगेत खेळू शकणारे सहा लागतात, म्हणजे बाकावर दोन प्रॉप आणि एक हुकर हे ठरलेलेच. हौशी निवडसमित्या इथे नेमकी एक जागा चोरतात आणि तिथे चौथा विंग बसवतात. उरलेल्या पाचांत एक लॉक, सहा-सात-आठमधला एक, एक नऊ नंबर हवाच, आणि दोन बॅक असे घ्या की दोघांमिळून दहा ते पंधरा सगळ्या जागा भरतील.

समितीत तीन किंवा पाच जण. प्रत्येकाने २३ नावं घरूनच लिहून आणावीत. एकत्र बसून पहिलं नाव काढलं की सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस अर्धा संघ निवडतो. ज्याची ती माजी शाळा, त्याने त्या मुलावर मत देऊ नये. दोघांत बरोबरी झाली तर ते समोरासमोर खेळलेला सामना लावा; तसा नसेल तर दोघांनी एकाच तगड्या संघाविरुद्ध खेळलेले सामने. आणि ऑगस्टच्या अखेरीस बसता आहात हे ध्यानात ठेवा. पार्लचा सामना डोळ्यांत ताजा असतो, एप्रिलमधल्या किंबर्लीच्या विल्डेक्लावर स्पर्धेतलं सगळं धूसर. त्या दिवसांची वही आधी वाचून मग चर्चा सुरू करा.

छोट्या शाळांसाठी एक जागा राखीव ठेवायची का? राखीव नको, पण त्यांचे निदान सहा सामने बघायचं बंधन स्वतःवर घाला. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा पहिला ट्राय माकाझोले मापिम्पीने केला. तो ईस्टर्न केपमधल्या खेड्यातून आला होता, नामांकित शाळांच्या रांगेतून नव्हे. जिथे कॅमेरा जात नाही तिथे वही घेऊन जा.

हीच पद्धत महाराष्ट्रातल्या मुलांसाठी वापरायची, तर आधी एक बदल करा. आपल्याकडे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतली रग्बी सातजणांची असते: सात मिनिटांचे दोन डाव, तिघांचा स्क्रम. त्यात गुण मिळवणारा संघच पुन्हा किक मारतो, म्हणून चेंडू सतत हवेतून येतो, आणि कन्व्हर्जनही ड्रॉप किकने. तेव्हा तिथे सुरुवात तीन नंबरपासून नको; हवेतला चेंडू जिंकणारा आणि दोन्ही पायांनी ड्रॉप किक मारणारा, हे दोघे आधी.

यादी जाहीर करताना जागा, नाव, शाळा, एवढंच छापा. वजन, इयत्ता, घरचा पत्ता, समाजमाध्यमांवरची खाती नकोत. सतरा वर्षांची मुलं आहेत. कोण का वगळला, हे लिहू नका, कोण का घेतला तेच लिहा. एकाच आडनावाची दोन मुलं एका शाळेत असली तर पहिलं नाव पूर्ण लिहा, आणि जुळी असली तर छापण्याआधी शाळेला विचारून कोणत्या जर्सीत कोण ते पक्कं करा.